जुन्या मिनीचे ड्राइव्ह शाफ्ट आणि कपलिंग रॅलीसाठी मजबूत कसे करावेत

जुनी मिनी, म्हणजे ती छोटी ब्रिटिश गाडी, रॅलीला उतरवायची ठरली की पहिली ऑर्डर जाते ती 'हेवी ड्यूटी' ड्राइव्ह शाफ्टची, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांची. शाफ्ट येतात, बसतात, आणि दोन-तीन स्टेजमध्ये (रॅलीचे वेळ मोजून धावायचे टप्पे) शाफ्टच्या आतल्या टोकाचा जोड, म्हणजे रबरी कपलिंग, फाटतं. मग तिथे लोखंडी जोड बसवतात, आणि पुढच्या वेळी डिफरन्शियलची (दोन चाकांत जोर वाटणारा गिअरसंच, पुढे नुसतं 'डिफ') पिन जाते. शाफ्ट मात्र अजून नवाकोरा! इंजिनाचा जोर कमी झालेला नसतो, तो फक्त पुढच्या कमजोर भागावर जाऊन बसतो. म्हणून या कामात सुटा भाग मजबूत करून उपयोग नाही. इंजिनाचे टेकू, ऑइल सील, आतलं कपलिंग, शाफ्ट, बाहेरचा सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही सारख्या वेगाने फिरवणारा जोड) आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), या क्रमाने जायचं. शिवाय यातला कोणता भाग आधी मोडला तर आपल्याला परवडेल, हे पैसे खर्च करण्याआधी ठरवायचं.

हा लेख १९५९ ते २००० या काळातल्या ए-सिरीज इंजिनाच्या, मॅन्युअल गिअरच्या मिनीपुरता आहे.

## १. आधी गाडीखाली काय आहे ते ओळखा

आतल्या टोकाला, म्हणजे डिफजवळ, तीन प्रकारचे जोड सापडतात. १९७३ च्या आसपासपर्यंतच्या साध्या गाड्यांत अधिकच्या चिन्हासारखं चार हातांचं रबरी कपलिंग असतं. त्याचे समोरासमोरचे दोन हात यू-बोल्टांनी डिफच्या योकला (दोन फाट्यांचा लोखंडी भाग) आणि उरलेले दोन शाफ्टच्या योकला धरलेले असतात. एका कपलिंगला चार यू-बोल्ट, आठ नट. नंतरच्या कूपर एस आणि ऑटोमॅटिक गाड्यांत हार्डी स्पायसर म्हणून ओळखला जाणारा सुईच्या बेअरिंगांचा लोखंडी क्रॉस असतो, आणि तो चार बोल्टांनी डिफच्या फ्लॅंजला (बोल्टांची चपटी चकती) बसतो. १९७३ नंतरच्या गाड्यांत पॉट जॉइंट असतो, म्हणजे वाटीत फिरणारे आणि आत-बाहेर सरकणारे छर्रे.

बाहेरच्या टोकाला सगळ्यांतच सीव्ही जॉइंट असतो, पण तो एकच नाही. ड्रम ब्रेकचा सीव्ही लहान असतो. कूपर एस आणि १२७५ जीटीच्या ७.५ इंची डिस्कचा त्याहून मोठा असतो. १९८४ नंतरच्या ८.४ इंची डिस्कचाही ड्रमच्या सीव्हीहून मोठाच. लहान आणि मोठा एकमेकांच्या जागी बसत नाहीत. जुन्या गाडीत मागच्या मालकांनी काय काय बदललं असेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे चासी नंबरवरून भाग मागवू नका. चाक काढा, बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) बाजूला करा आणि डोळ्यांनी पाहा.

तपासणी: डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी पाहा. एका बाजूला रबर आणि दुसऱ्या बाजूला कुणीतरी बसवलेला लोखंडी क्रॉस, असंही सापडतं.

## २. जोराचा हिशोब आणि स्पर्धेचे नियम

इंजिनाचा टॉर्क १०० न्यूटन-मीटर धरा, पहिला गिअर ३.२ आणि फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरच्या शेवटच्या गिअरजोडीचं गुणोत्तर) ३.४४. तिघांचा गुणाकार सुमारे ११००. साध्या डिफमध्ये तो दोन शाफ्टांत सारखा वाटला जातो, म्हणजे एका शाफ्टवर ५५०. आता रॅलीसाठी फायनल ड्राइव्ह ४.१ केला. इंजिनाला हात न लावताच शाफ्टवरचा जोर १९ टक्क्यांनी वाढून ६५६ झाला. त्यात लिमिटेड स्लिप डिफ (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा) टाकला तर एका चाकाला पकड आणि दुसरं हवेत अशा क्षणी जवळजवळ सगळा जोर एकाच शाफ्टवर येऊ शकतो. ६५६ चे १३०० कधी होतात ते कळतही नाही.

हा झाला स्थिर जोर. गाडी उडून अॅक्सिलरेटर दाबलेल्या अवस्थेत खाली आली, तर जोरात फिरणारं चाक एकदम जमिनीला टेकतं आणि बसणारा धक्का या आकड्यांच्या कितीतरी वर जातो. म्हणून 'माझं इंजिन तर साधंच आहे' ही सबब चालत नाही. फायनल ड्राइव्ह आणि डिफ काय आहे यावर निवड ठरते.

नियमांचा प्रश्न निवडीआधीच सोडवा. एफआयएच्या (मोटर स्पर्धांची जागतिक संघटना) ऐतिहासिक स्पर्धांमध्ये अपेंडिक्स के ही जुन्या गाड्यांची नियमावली लागू होते आणि गाडीला हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट लागतो. त्या काळी त्या मॉडेलवर जे मान्य होतं तेच चालतं. स्थानिक क्लबच्या स्पर्धेत बरीच मोकळीक असते. पॉट जॉइंटचा सेट बसवून झाल्यावर छाननीच्या टेबलावर कळलं, तर इंजिन पुन्हा उतरवावं लागेल.

## ३. सुरुवात कपलिंगपासून नाही, इंजिनाच्या टेकूपासून

कपलिंग वारंवार फाटत असेल तर दोष बहुधा कपलिंगचा नसतो.

मिनीचं इंजिन आडवं बसतं, आणि पुढे-मागे डुलू नये म्हणून वर क्लचच्या बाजूला एक स्टेडी बार असतो. त्याचे रबरी बुश संपले की क्लच सोडताना इंजिन मागे झुकतं, अॅक्सिलरेटर सोडला की पुढे येतं. डिफ इंजिनालाच जोडलेला असल्याने तोही डुलतो आणि कपलिंगला वळणाबरोबर ओढही सोसावी लागते. एक्झॉस्टचा पाइप मॅनिफोल्डजवळ सारखा तुटत असेल तर हीच खूण समजा.

तपासणी: इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये. टॅपेट कव्हरला दोन्ही हातांनी धरून इंजिन पुढे-मागे हलवा. रबराचा किंचित दाब जाणवायला हवा. 'टक' असा आवाज आला किंवा डोळ्यांना दिसेल इतका खेळ असेल तर बुश गेले. बुशबरोबर बारचे बोल्ट आणि सिलिंडर ब्लॉकवरची भोकंही पाहा. भोक लांबट झालं असेल तर नवा बुश महिनाभरही टिकणार नाही.

रॅलीसाठी वरच्या बारला पॉलियुरेथेनचे बुश घाला आणि गिअरबॉक्सच्या खालच्या बाजूने सबफ्रेमला (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी लोखंडी चौकट) जोडणारा दुसरा स्टेडी बसवा. कंपन थोडं वाढेल, ते सोसायचं. मात्र सगळीकडे सर्वांत कडक बुश घालू नका. इंजिनाची दोन्ही टोकाची माउंटिंग रबरी आणि चांगल्या अवस्थेत असू द्या, नाहीतर सबफ्रेमला तडे जातात.

दुसरं काम ऑइल गळतीचं. डिफच्या बाजूच्या सीलांतून झिरपणारं तेल थेट कपलिंगवर पडतं. तेलाने रबर फुगतं, मऊ होतं आणि लोखंडापासून सुटतं. सील न बदलता नवं कपलिंग टाकणं म्हणजे पैसे तेलात घालणं.

इशारा: भाग धुताना रबरी कपलिंग आणि बूट डिझेल, रॉकेल किंवा पेट्रोलच्या ट्रेमध्ये टाकू नका. आपल्याकडच्या गॅरेजांत सगळंच डिझेलमध्ये बुडवायची सवय असते. रबरासाठी साबणाचं पाणी पुरेसं आहे.

## ४. तयारी आणि उतरवणी

हब नट १ ५/१६ इंचाचा आहे, म्हणजे ३३.३ मिलिमीटर. ३३ चा सॉकेट चढत नाही आणि ३४ चा सैल बसून कोपरे खातो. योग्य मापाचा सॉकेट, लांब दांडा, २६० न्यूटन-मीटरपर्यंत जाणारा टॉर्क रेंच, बॉल जॉइंट सोडवायचा पुलर, मऊ डोक्याचा हातोडा आणि मजबूत घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) एवढं जमल्याशिवाय काम सुरू करू नका. भारतात राहून हे काम करणाऱ्यांनी सॉकेट आणि नट-बोल्ट पार्टांच्या पार्सलमधूनच मागवलेले बरे.

इशारा: गाडीचे आटे यूएनएफ आहेत, मेट्रिक नाहीत. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातला ८ मिमीचा नट हाताने एक-दोन आटे चढतो आणि 'बसला' असं वाटतं. पण आट्यांमधलं अंतर वेगळं असतं. पान्याने आवळला की आटे कापले जातात आणि नट धरून असल्याचा फक्त भास उरतो. हा सांधा स्टेजवर उघडतो.

आता क्रम. गाडी जमिनीवर असतानाच स्प्लिट पिन काढा, मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि हब नट फक्त सैल करा. यानंतर गाडी ढकलायची नाही. नट सैल असताना चाकावर वजन येऊन गाडी हलली की हबचं बेअरिंग खराब होतं.

गाडी उचलण्याआधी वरच्या आर्मखालचा रिबाउंडचा रबर (चाक फार खाली जाऊ न देणारा) काढून त्याच जाडीचा लाकडी किंवा लोखंडी ठोकळा तिथे घाला. सस्पेन्शनचा दाब तो धरून ठेवतो आणि बॉल जॉइंट सोडताना आर्म झटका देत नाही. मग गाडी उचला, घोड्या सबफ्रेमखाली लावा, चाक काढा. ब्रेक कॅलिपर पाइपवर लोंबकळू न देता तारेने बांधा. टाय रॉडचा आणि वर-खालचे दोन्ही बॉल जॉइंट पुलरने सोडवा. हातोड्याने आटे ठोकून काढलेला बॉल जॉइंट परत वापरू नका.

रबरी कपलिंगच्या गाडीत आतले यू-बोल्ट काढून शाफ्ट हबसकट बाहेर येतो. पॉट जॉइंटच्या गाडीत जॉइंटचा दांडा डिफमध्ये सर्क्लिपवर (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) अडकलेला असतो. जॉइंट आणि डिफच्या बाजूच्या कव्हरमध्ये पहार अडकवून झटका द्यावा लागतो, पण टेकू कव्हरच्या कडेवर घेऊ नका, अॅल्युमिनियम फुटतं. जॉइंट सुटला की तेल वाहणार. मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांचं तेल एकच, सुमारे ४.८ लिटर, म्हणून ते आधीच काढून घ्या. नुसता शाफ्ट किंवा बूट बदलायचा असेल तर पॉट जॉइंटची वाटी डिफमध्ये तशीच ठेवून शाफ्ट तिच्यातून ओढून घेता येतो.

प्रत्येक शाफ्टला 'डावा', 'उजवा' अशी खूण रंगाने करा. छिन्नीने किंवा कोरून नाही, कारण कोरलेल्या खुणेतूनच तडा सुरू होतो.

## ५. आतला जोड: खरी निवड इथे आहे

साधी १००० सीसीपर्यंतची गाडी, मूळ फायनल ड्राइव्ह, साधा डिफ आणि वेळेच्या अचूकतेवर चालणारी रॅली असेल, तर नवं रबरी कपलिंग वाईट नाही. ते धक्के पचवतं आणि गिअरचे दाते वाचवतं. पण त्याचं मोडणं वाईट असतं. फाटल्यावर शाफ्टचं सुटलेलं टोक आत गरगरतं आणि गिअरबॉक्सच्या अॅल्युमिनियम केसिंगवर आपटतं. केसिंग फुटलं तर इंजिनाचं तेलही गेलं. म्हणून स्पेशल स्टेजच्या गाडीत रबर ठेवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

रबर ठेवणार असाल तर बसवण्याची पद्धत अशी. योकच्या खाचा तारेच्या ब्रशने गंज जाईपर्यंत साफ करा. यू-बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) नेहमी नवे. कपलिंग बसवून आठही नट हाताने टेकवा. मग समोरासमोरचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एका यू-बोल्टच्या दोन्ही पायांवर नटाबाहेर सारखेच आटे दिसले पाहिजेत. एक पाय पूर्ण आवळून मग दुसरा आवळला की यू-बोल्ट तिरका बसतो, रबराच्या हातातलं लोखंडी बुश एका बाजूला दाबलं जातं आणि तिथूनच फाटायला सुरुवात होते. आवळून झाल्यावर शाफ्ट हाताने पूर्ण फेरी फिरवा. यू-बोल्टचं टोक केसिंगला कुठेही घासता कामा नये. पहिल्या ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

तपासणी: जुन्या कपलिंगचा हात अंगठ्याने वाकवा. रबर आणि लोखंडाच्या जोडावर केसाएवढी जरी फट उघडली तरी ते गेलं. बाहेरून काळं, चकचकीत आणि फुगीर दिसणारं रबर बहुतेक वेळा तेल प्यालेलं असतं.

दुसरा मार्ग लोखंडी क्रॉसचा. रबराच्या जागी त्याच यू-बोल्टांत बसणारा सुईच्या बेअरिंगांचा क्रॉसही मिळतो, आणि पूर्ण हार्डी स्पायसर सेटही. यू-बोल्टवाल्या क्रॉसचा फायदा म्हणजे इंजिन उतरवावं लागत नाही. तोटा असा की जोर शेवटी त्याच पातळ यू-बोल्टांवर राहतो. पूर्ण सेट घेताना डिफच्या बाजूचे फ्लॅंज त्याच प्रकारचे हवेत, आणि शाफ्टवर सरकणाऱ्या योकचे दाते तुमच्या शाफ्टच्या दात्यांशी जुळतात का ते पैसे देण्याआधी पाहा. सरकणाऱ्या दात्यांना ग्रीस लावा, त्यावरचा रबरी बूट फाटका ठेवू नका. दाते कोरडे पडले की शाफ्ट आत-बाहेर सरकत नाही, आणि तो ताण डिफच्या बेअरिंगवर जातो.

क्रॉसची एक मर्यादा नीट समजून घ्या. सीव्ही जॉइंट कोन बदलला तरी सारख्या वेगाने फिरवतो, क्रॉस तसा फिरवत नाही. १० अंशांच्या कोनात शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत सुमारे १.५ टक्क्यांनी वर-खाली होतो, आणि २० अंशांत ६ टक्क्यांनी. आत क्रॉस आणि बाहेर सीव्ही या जोडीत हे चढउतार कुठेच खोडले जात नाहीत. सपाट बसलेल्या गाडीत त्रास नसतो. खडबडीत रस्त्यासाठी गाडी उंच केली की थरथर जाणवते आणि सुया झिजतात. उंची ठरवताना आतला कोन शक्य तितका शून्याजवळ ठेवा.

तिसरा मार्ग पॉट जॉइंट. कोन आणि सरकणं दोन्ही तो शांतपणे सांभाळतो, स्टेजच्या गाडीसाठी आमची पसंती यालाच. पण रबरी कपलिंगच्या गाडीत तो नुसता 'लावता' येत नाही. डिफमधले बाजूचे गिअर, दोन्ही बाजूची कव्हरं, सीलं आणि शाफ्ट सगळं त्याच प्रकारचं लागतं. म्हणजे इंजिन खाली, डिफ उघडा. तेव्हा हे काम गिअरबॉक्सच्या कामाबरोबरच काढा, सुटं नको.

इशारा: रबर काढून लोखंडी जोड लावला की धक्का पचवणारा भाग गेला. आता तो डिफच्या पिनवर जातो. मूळ डिफमध्ये एकच पिन आणि तिच्यावर दोन लहान गिअर असतात. डिफ उघडलाच आहे तर चार गिअरांचा क्रॉस-पिन डिफ घाला, थ्रस्ट वॉशर नवे टाका. हे न करता आत लोखंड बसवणं म्हणजे मोड गिअरबॉक्सच्या पोटात ढकलणं.

## ६. शाफ्ट: जाडीपेक्षा पृष्ठभाग महत्त्वाचा

शाफ्ट मधून क्वचित तुटतो. तडा जातो तो दाते संपतात तिथे किंवा सर्क्लिपच्या खाचेत. म्हणून नुसता जाड शाफ्ट घेऊन दात्यांचं टोक तेवढंच राहिलं, तर हाती काही लागत नाही.

चांगला शाफ्ट ईएन२४ सारख्या पोलादाचा, योग्य उष्णताप्रक्रिया केलेला असतो. लेथवाल्याकडे मिळेल त्या सळईतून शाफ्ट फिरवून घेऊ नका. माप बरोबर येतं, दातेही छान दिसतात, पण कठीणपणा नसतो आणि दाते दोरीसारखे पिळले जातात. मूळ शाफ्टला वेल्डिंग तर कधीच नाही, ना लांबी कमी-जास्त करायला, ना झीज भरायला. वेल्डशेजारची जागा ठिसूळ होते.

मूळ शाफ्ट वापरणार असाल तर तो सुधारता येतो. गंजाचे खड्डे आणि ओरखडे बारीक पॉलिश पेपरने शाफ्टच्या लांबीच्या दिशेने घासून काढा. गोल फिरवून घासलं की प्रत्येक रेघ तड्याला निमंत्रण देते. ग्राइंडर अजिबात नको. मग चुंबकीय तडा-तपासणी करून घ्या, इंजिनाचे क्रॅंक तपासणाऱ्या वर्कशॉपमध्ये ती होते. तपासणीत निर्दोष निघालेल्या शाफ्टला शॉट पीनिंग (बारीक छर्ऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग मजबूत करणं) करून घेता आलं तर उत्तम. खोल खड्डा असलेला शाफ्ट भंगारातच घाला.

तपासणी: बसवण्याआधी शाफ्टच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. प्रत्येक स्पर्धेनंतर ती पाहा. रेघ किंचित जरी तिरकी झाली असेल तर शाफ्ट पिळला गेला आहे, तुटण्याची वाट पाहू नका.

डावा-उजवा शाफ्ट अदलाबदल करू नका. एका दिशेने पीळ सोसलेल्या पोलादाला उलट दिशेचा पीळ लवकर थकवतो.

## ७. बाहेरचा सीव्ही: मोडायचंच असेल तर इथे

डिफची पिन गेली तर रॅली संपली. आतलं कपलिंग गेलं तर केसिंगची भीती. बाहेरचा सीव्ही गेला तर सर्व्हिस पार्कमध्ये पूर्ण जोडलेला सुटा शाफ्ट घालून गाडी पुन्हा निघू शकते. म्हणून सगळ्या साखळीत तुलनेने कमजोर भाग हाच असू द्यावा. याचा अर्थ स्वस्तातला सीव्ही नव्हे. दर्जेदार, पण सहज बदलता येणारा.

ड्रम ब्रेकचा लहान सीव्ही मात्र १२७५ इंजिनाला आणि लिमिटेड स्लिपला पुरत नाही. मोठा सीव्ही हवा तर हब, बेअरिंग, ड्राइव्ह फ्लॅंज आणि ब्रेक असा डिस्कचा पूर्ण संच बदलावा लागतो. १० इंची चाकं ठेवायची तर ७.५ इंची डिस्क. ८.४ इंची डिस्कला १२ इंची चाकं लागतात.

सीव्ही काढताना शाफ्ट व्हाइसमध्ये अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये धरा आणि जॉइंटच्या कडेवर मऊ हातोड्याने एकच जोरदार ठोका द्या. आतलं सर्क्लिप दबतं आणि जॉइंट सुटतो. दहा-वीस हलके ठोके घालत बसलात तर छर्रे आपल्या खाचांत खड्डे पाडतात. जॉइंट स्वच्छ करून पिंजरा तिरका करा, प्रत्येक छर्ऱ्याची खाच उजेडात पाहा. चकाकलेला पट्टा चालतो. नखाला लागणारा खड्डा, निळसर झालेला भाग किंवा पिंजऱ्याच्या खिडकीत तडा असेल तर पूर्ण जॉइंट बदला, नुसते छर्रे नाही.

झिजलेले सीव्ही डावी-उजवीकडे अदलाबदल करून आवाज घालवायची एक जुनी युक्ती आहे. न झिजलेली बाजू कामाला लागते आणि खडखड थांबते. रोजच्या गाडीत काही महिने निघतात. रॅलीत नको.

ग्रीस मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं, सीव्हीसाठीचं. किटबरोबरचं पाकीट पूर्ण वापरा, बहुतेक छर्ऱ्यांच्या खाचांत बोटाने दाबून, उरलेलं बुटात. चेसिसचं पिवळं ग्रीस उष्णतेने पातळ होतं. दोन प्रकारची ग्रीसं मिसळू नका, जुनं सगळं काढून मगच नवं भरा. सर्क्लिप नवं घाला. जॉइंट चढल्यावर शाफ्ट धरून जोरात ओढा. तो सुटून आला तर सर्क्लिप बसलेलंच नव्हतं. बुटाच्या पट्ट्या आवळण्याआधी बुटाच्या ओठाखाली पातळ स्क्रूड्रायव्हर सरकवून आतली हवा जाऊ द्या, नाहीतर बूट फुगून टायरला किंवा आर्मला घासतो.

## ८. हब आणि टॉर्क: इथे घाई महागात पडते

बॉल जॉइंटचे नट आर्मला ५२ न्यूटन-मीटर म्हणजे ३८ पाउंड-फूट, टाय रॉडचा ३० न्यूटन-मीटर म्हणजे २२ पाउंड-फूट. टेपर, म्हणजे जॉइंटचे निमुळते भाग, पूर्ण कोरडे आणि स्वच्छ असावेत.

हब नटाचा टॉर्क गाडीनुसार बदलतो. ड्रम ब्रेकला ८१ न्यूटन-मीटर म्हणजे ६० पाउंड-फूट. डिस्कच्या गाडीत सीव्हीच्या दांड्याला स्प्लिट पिनचं एकच भोक असेल तर २०३, म्हणजे १५० पाउंड-फूट. दोन भोकं असतील तर २५५, म्हणजे १८८ पाउंड-फूट. ड्रमचा आकडा डिस्कला लावला तर बेअरिंगांमधला स्पेसर नीट दाबला जात नाही, हब डुलतो आणि सीव्हीचे दाते ड्राइव्ह फ्लॅंजमध्ये खेळू लागतात. असे गुळगुळीत झालेले दाते 'सीव्हीचा आवाज' म्हणून खपतात, आणि लोक चांगला सीव्ही फेकून देतात.

डिस्कच्या हबमध्ये नटाखाली चिरलेली टेपर कॉलर असते. ती थेट लावू नका. आधी तिच्या जागी आतल्या कडेला उतार दिलेला साधा सपाट वॉशर घाला आणि नट पूर्ण टॉर्कला आवळा. याने ड्राइव्ह फ्लॅंज आणि बेअरिंग मधोमध आणि शेवटपर्यंत आत बसतात. मग नट काढा, वॉशर काढा, टेपरची बाजू आत ठेवून कॉलर घाला आणि पुन्हा टॉर्क द्या. ही पायरी गाळली तर कॉलर टेपरमध्ये आधीच अडकते. रेंच क्लिक करतो, पण दाब बेअरिंगपर्यंत पोचलेला नसतो.

इशारा: स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळा, मागे कधीच सैल करू नका. पिन नवी.

## ९. पूर्ण चाल तपासा, मगच रस्त्यावर

या पायरीला बहुतेक जण बगल देतात, आणि उतारावर उडालेल्या गाडीचा पॉट जॉइंट डिफजवळ उघडा पडतो.

शॉक अॅब्सॉर्बरचं खालचं टोक सोडा. लाकडी ठोकळा काढून रिबाउंडचा रबर परत बसवा. आता जॅकने हब सावकाश सर्वांत वर नेऊन मग सर्वांत खाली सोडा. प्रत्येक टोकाला शाफ्ट आत-बाहेर हाताने ढकलून पाहा. दोन्ही दिशांना निदान ५ मिलिमीटर सरकण्याची जागा उरली पाहिजे. वर असताना जागा नसेल तर शाफ्ट डिफवर ठोकला जाईल. खाली असताना नसेल तर पॉट जॉइंट सुटेल. हीच चाचणी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे ठेवून पुन्हा करा.

निगेटिव्ह कॅम्बरसाठी (चाकाचं वरचं टोक आत झुकवायला) लांब खालचे आर्म लावले असतील तर हबचा खालचा भाग बाहेर गेलेला असतो आणि शाफ्टला जास्त बाहेर यावं लागतं. लांब शॉक अॅब्सॉर्बरही तेच करतात, ते चाकाला गरजेपेक्षा खाली जाऊ देतात. जागा कमी पडली तर शाफ्ट बदलू नका. शॉकची लांबी कमी करा किंवा खाली जाणं रोखणारा पट्टा लावा.

मग रस्त्यावर. पहिले १० किलोमीटर शांतपणे. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरा, दोन्ही दिशांना. वळवल्यावर टक-टक आवाज आला तर बाहेरचा सीव्ही. सरळ जाताना अॅक्सिलरेटर दाबता-सोडताना एकच 'खट' आला तर आतला जोड किंवा स्टेडी बार. वेगाबरोबर वाढणारी थरथर आतल्या कोनाची किंवा वाकलेल्या शाफ्टची. परत येऊन बूट, यू-बोल्ट किंवा फ्लॅंजचे बोल्ट आणि सीलांखालची जमीन पाहा.

हब नट आणि त्याची पिन प्रत्येक स्टेजनंतर नजरेखालून घाला. सर्व्हिसच्या पेटीत दोन्ही बाजूंचे सीव्ही आणि बूट चढवलेले पूर्ण शाफ्ट, त्यांच्या बाजूची खूण करून ठेवा. सोबत दोन हब नट, मूठभर स्प्लिट पिना, डिफच्या बाजूचं एक सील, दोन लिटर इंजिन ऑइल, तो लाकडी ठोकळा आणि १ ५/१६ चा सॉकेट. डिस्कच्या गाडीसाठी उतार दिलेला सपाट वॉशरही त्याच पिशवीत बांधून ठेवा.